झेब्राफिशच्या भ्रूणात आंतरकर्णाची जनुकं कशी अभ्यासायची: पहिल्या क्रॉसपासून पक्क्या निष्कर्षापर्यंत

माणसाचा आंतरकर्ण गर्भाशयात घडतो आणि पुढे कवटीच्या सर्वांत घट्ट हाडात बंद होतो. तो घडताना बघायची सोयच नाही. उंदरातही गर्भ बाहेर काढावा लागतो, आणि दर वेळी हाती येतं ते एकाच क्षणाचं चित्र. झेब्राफिशचं अंडं मात्र आईच्या शरीराबाहेर वाढतं, भ्रूण पारदर्शक असतो आणि कान त्वचेच्या अगदी खाली असतो. फलनानंतर २४ तासांनी साध्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली डोळ्याच्या मागे एक लंबगोल पिशवी दिसते आणि तिच्यात दोन चमकते ठिपके. पिशवी म्हणजे पुढे आंतरकर्ण होणारी कर्णपुटिका, आणि ठिपके म्हणजे ओटोलिथ, कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे.

हा लेख मत्स्यगृहाची सोय असलेल्या, पीसीआर आणि क्लोनिंग येत असलेल्या, पण कानाकडे पहिल्यांदाच वळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्याभोवती रचली आहे. म्यूटंटमध्ये कान लहान किंवा वेडावाकडा दिसला की हे कानाच्या विकासाचं जनुक आहे असं म्हणावंसं वाटतं. बिघाड नेमका कोणत्या तासाला सुरू झाला हे कळल्याशिवाय ते म्हणता येत नाही. आंतरकर्णाच्या जनुकशास्त्रात ‘काय बिघडलं’ यापेक्षा ‘कधी बिघडलं’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे.

माशाच्या कानाकडून काय मिळतं, काय मिळत नाही

झेब्राफिशला बाह्यकर्ण नाही, मध्यकर्ण नाही आणि कॉक्लिया, म्हणजे ऐकण्याची शंखासारखी नळीही नाही. त्यामुळे कॉक्लियाची गुंडाळी कशी होते, किंवा तिच्यातल्या बाह्य केशपेशी (आवाज आणि हालचाल ओळखणाऱ्या संवेदी पेशींचा एक प्रकार) आवाज कसा वाढवतात, हे प्रश्न या माशाला विचारू नका. त्याच्याकडे आहेत तीन अर्धवर्तुळाकार नलिका, त्यांच्या तळाशी संवेदी क्रिस्टा, आणि ओटोलिथ पेलणाऱ्या संवेदी मॅक्युला. पुढची युट्रिकल पिल्लाचा तोल सांभाळते, मागची सॅक्युल प्रामुख्याने ऐकण्याचं काम करते. तिसरी, लॅजेना, बरीच उशिरा तयार होते. केशपेशींची मूळ यंत्रणा माणसासारखीच आहे: स्टिरिओसिलियाचे, म्हणजे केसांसारख्या टोकांचे, जुडगे, त्यांना जोडणारे टिप-लिंक, यांत्रिक धक्क्याने उघडणाऱ्या वाहिन्या आणि रिबन सिनॅप्स. म्हणूनच माणसाच्या बहिरेपणाची कितीतरी जनुकं या माशात तपासता येतात. २०१३ मध्ये जनुकसंचाचा सविस्तर आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्राफिशमध्ये किमान एक स्पष्ट नातेवाईक जनुक असल्याचं दिसलं.

शिवाय या माशाच्या अंगावर पार्श्वरेषा आहे, म्हणजे पाण्याची हालचाल ओळखणाऱ्या बारीक अवयवांची रांग. तिच्या न्यूरोमास्ट नावाच्या गुच्छांमध्ये कानासारख्याच केशपेशी असतात, पण थेट पाण्याला उघड्या. कानातली केशपेशी बंद पिशवीत असल्यामुळे पाण्यात घातलेला रंग तिच्यापर्यंत सहज पोचत नाही. पार्श्वरेषेतली लगेच रंगते. एकाच जनुकाचा परिणाम दोन्हीकडे दिसला तर दोष केशपेशीच्या मूळ यंत्रणेत आहे, फक्त कानातच दिसला तर कानाच्या घडणीत आहे, असा पहिला ढोबळ अंदाज बांधता येतो.

कानाचं वेळापत्रक तोंडपाठ हवं

खालचे सगळे तास २८.५ अंश सेल्सियसला वाढवलेल्या भ्रूणांचे आहेत.

साधारण ९ ते १० तासांना, गॅस्ट्रुलेशन (भ्रूणाचे थर रचले जाण्याची पायरी) संपत येताना, पश्चमस्तिष्काच्या दोन्ही बाजूंना पॅक्स८ हे जनुक चालू होतं. कान होणार हे ठरल्याची ही पहिली खूण. थोड्याच वेळात पॅक्स२ए येतं. कान घडवायचा संकेत देणारे रेणू एफजीएफ३ आणि एफजीएफ८. दोन्ही एकदम काढले तर कान जवळपास तयारच होत नाही. एकटं एफजीएफ८ काढलं तर कान लहान होतो. संकेत झेलायची तयारी फॉक्सआय१, डीएलएक्स३बी आणि डीएलएक्स४बी करून ठेवतात.

१६ तासांच्या आसपास प्लॅकोड, म्हणजे बाह्यस्तरातला जाडसर तुकडा, नुसत्या मायक्रोस्कोपखाली ओळखू येतो. कोंबडीत आणि उंदरात हा तुकडा आत वळून पिशवी होतो. झेब्राफिशमध्ये तो भरीव राहतो आणि १८ ते १९ तासांना आतूनच पोकळ होतो. याच सुमाराला पोकळीच्या दोन टोकांना पहिल्या केशपेशी आपले लांब कायनोसिलिया बाहेर काढतात, आणि पोकळीतले कण त्यांच्या टोकांना चिकटून ओटोलिथ वाढू लागतात. २४ तासांना दोन टोकांना दोन ओटोलिथ दिसायलाच हवेत. २२ तासांपासून पुटिकेच्या तळातून चेतापेशींच्या पूर्वज पेशी बाहेर पडू लागतात. पुढे त्यांची श्रवण-तोल गुच्छिका होते.

४२ ते ४८ तासांच्या दरम्यान पुटिकेच्या भिंतीतून बोटांसारखे उंचवटे आत शिरतात. हे उंचवटे समोरासमोर येऊन जुळले की खांब तयार होतात आणि खांबांभोवती नलिकांची पोकळी उरते. तिसऱ्या दिवसाच्या अखेरीस हे काम बरंचसं झालेलं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू पृष्ठभागावर जाऊन हवा गिळतं आणि वाताशय फुगतो. पाचव्या दिवशी डिशला टिचकी मारली की ते झटक्यात वळतं.

हे वेळापत्रक तपमानावर हलतं. भ्रूणांचे टप्पे ठरवण्याची सर्वमान्य मालिका १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या सूत्राने हिशेब केला तर २५ अंशांना २४ तासांचा टप्पा गाठायला जवळपास ३० तास लागतात. म्हणजे इन्क्युबेटरचं दार दिवसभर उघडझाप होत राहिलं तर तुमचा ‘लहान कान’ नुसता मागे पडलेला कान असू शकतो.

इथे एक मेख आहे, आणि ती कानावर काम करणाऱ्यांनाच नडते. २४ तासांनंतरचे टप्पे ठरवताना डोळा आणि कान यांच्या मधल्या जागेत किती कर्णपुटिका मावतील हे पाहायची पद्धत आहे. तुमच्या म्यूटंटमध्ये पुटिकाच बदललेली असेल तर हे माप खोटं पडणार. पार्श्वरेषेचं प्रायमोर्डियम (शेपटीकडे सरकत जाणारा पेशीसमूह) कुठवर पोचलं हे मापही तितकंच संशयास्पद, कारण तेही शेजारच्याच प्लॅकोडमधून निघतं. कानाच्या म्यूटंटचा टप्पा ठरवताना डोकं आणि धड यांच्यातला कोन मोजा, आणि पहिल्या २४ तासांत सोमाइट (धडाच्या दोन्ही बाजूंचे खंड) मोजा.

मासे, अंडी आणि पाणी

हा भाग तुमच्या मत्स्यगृहातल्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त कळतो, म्हणून थोडक्यात. १४ तास उजेड आणि १० तास अंधार. संध्याकाळी नर-मादी मधे पडदा घालून ठेवा, सकाळी दिवे लागल्यावर पडदा काढा. पडदा काढल्याची वेळ लिहून ठेवा आणि अंडी दर अर्ध्या तासाने गोळा करा, म्हणजे सगळ्या भ्रूणांचं वय एकसारखं मिळेल. त्याच जोडीला पुन्हा लावण्याआधी आठवडाभर तरी विश्रांती द्या. एका मोठ्या पेट्री डिशमध्ये ५० ते ६० भ्रूणांपेक्षा जास्त नकोत. गर्दीने वाढ मंदावते, आणि मंदावलेली वाढ म्हणजे पुन्हा खोटा लहान कान. मेलेली अंडी त्याच दिवशी काढून टाका.

रंगद्रव्य थांबवण्यासाठी ०.००३ टक्के पीटीयू साधारण २४ तासांपासून देतात. ते थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतं, त्यामुळे भावंडांनाही तीच मात्रा त्याच वेळी द्या. शक्य असेल तर नॅकर किंवा कॅस्परसारख्या रंगहीन वाणाच्या पार्श्वभूमीवर काम करा. प्राणी-नीती समितीची परवानगी काम सुरू करण्याआधी हातात हवी. युरोपीय संघाच्या नियमांत पिल्लू स्वतंत्रपणे खाऊ लागलं की संरक्षित प्राणी ठरतं, म्हणजे साधारण पाचवा दिवस. वर्तनाच्या चाचण्या नेमक्या याच उंबरठ्यावर येतात. तुमच्या देशाचा नियम काय आहे ते आधी वाचून घ्या.

जनुक निवडताना

आधी झेडफिनवर, म्हणजे झेब्राफिशच्या जनुकांच्या ऑनलाइन माहितीसाठ्यावर, जा. तुमच्या जनुकाचं नाव टाकून ते कोणत्या तासाला, कानाच्या कोणत्या भागात चालू असतं ते पहा. वेळापत्रकाशी ते जुळवा. फक्त ७२ तासांनंतर केशपेशीत चालू होणारं जनुक प्लॅकोड घडवणार नाही, हे कागदावरच कळतं.

मग जोडीदार जनुक शोधा. टेलिऑस्ट माशांच्या, म्हणजे झेब्राफिशसह आजच्या बहुतेक माशांच्या, पूर्वजात संपूर्ण जनुकसंच आणखी एकदा दुप्पट झाला होता. बऱ्याच प्रती पुढे हरवल्या, काही टिकल्या आणि त्यांनी कामं वाटून घेतली. पीसीडीएच१५ हे याचं सुंदर उदाहरण. माणसात हे जनुक बिघडलं तर अशर सिंड्रोम होतो: जन्मजात बहिरेपण आणि पुढे दृष्टी जाणं. झेब्राफिशमध्ये पीसीडीएच१५ए कानाचं आणि तोलाचं काम पाहतं, पीसीडीएच१५बी डोळ्याच्या प्रकाशग्राही पेशींचं. एकच प्रत काढून परिणाम दिसला नाही म्हणून जनुक निरुपयोगी ठरवू नका. दोन्ही काढायच्या असतील तर त्या एकाच गुणसूत्रावर शेजारी आहेत का तेही पहा. डीएलएक्स३बी आणि डीएलएक्स४बी अगदी लागून आहेत. त्यांचे वेगवेगळे म्यूटंट करून क्रॉस लावलात तर दुहेरी म्यूटंट जवळपास मिळणारच नाही. अशा वेळी दोन्ही एकाच वेळी कापावे लागतात.

कापणं: क्रिस्पर

झेब्राफिशमध्ये क्रिस्पर २०१३ पासून वापरात आहे आणि आता नव्या अभ्यासाची सुरुवात बहुधा त्यानेच होते. गाइड आरएनए (कॅस९ या कापणाऱ्या प्रथिनाला जागा दाखवणारा) ठरवण्याआधी तुमच्या मत्स्यगृहातल्या माशांचा तो एक्सॉन स्वतः सिक्वेन्स करा. एबी, टीएल, ट्यूबिंगन या वाणांत आणि एकाच वाणाच्या वेगवेगळ्या टाक्यांतही बारीक फरक असतात. वीस अक्षरांच्या लक्ष्यात एनजीजीजवळ (लक्ष्याच्या शेवटी कॅस९ला लागणारा क्रम) एक अक्षर जरी वेगळं असलं तरी कापणी फसते. गाइड सुरुवातीच्या एक्सॉनमध्ये ठेवा, पण त्यापुढे दुसरा प्रारंभ-कोडॉन नाही ना ते बघा. प्रथिनाच्या महत्त्वाच्या भागाआधी किंवा त्या भागातच कापणं सर्वांत सुरक्षित.

कॅस९ प्रथिन आणि गाइड मिसळून ३७ अंशांना पाच-दहा मिनिटं ठेवा, थोडा फिनॉल रेड घाला. सुईचा थेंब खनिज तेलात मायक्रोमीटरवर मोजा: थेंबाचा व्यास ०.१२५ मिलिमीटर असेल तर आकारमान जवळपास १ नॅनोलिटर असतं. पहिलं विभाजन फलनानंतर पाऊण तासाने होतं. त्याआधी, एकपेशी अवस्थेतच, पेशीत किंवा पेशीला लागून बलकात टोचायचं. पाऊण तासाच्या पुढे ढकललंत तर कापणी काही पेशींतच होईल आणि कानाचा एखादा कोपरा तेवढा बदलेल.

त्याच दिवशी तीन गट बाजूला ठेवा. न टोचलेली भावंडं. कॅस९सोबत कुठेही न बसणारं गाइड टोचलेली. आणि टीवायआर या रंगद्रव्याच्या जनुकाचं गाइड टोचलेली. तिसऱ्या गटाला पीटीयू देऊ नका. ४८ तासांना त्यांचा रंग गेलेला दिसला की त्या दिवशी सुई, प्रथिन आणि हात तिन्ही नीट चालले होते हे कळतं. २४ ते ४८ तासांना टोचलेल्या भ्रूणांपैकी काहींचा डीएनए काढून कापणी झाली का ते तपासा. ५० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ९५ अंशांना दहा-वीस मिनिटं ठेवून ट्रिसने उदासीन केलं की पीसीआरला पुरेसा डीएनए मिळतो.

टोचलेल्या पिढीत दोन-तीन गाइड एकदम वापरली तर पुष्कळदा लगेचच परिणाम दिसतो. तो उत्साह वाढवतो, आणि वाढवावाच. पण ही पिढी मोझेक असते, प्रत्येक पेशीत वेगळा बदल. पक्क्या निष्कर्षासाठी ती वाढवा, तीन महिन्यांनी निरोगी माशांशी क्रॉस लावा, पुढच्या पिढीचा परांचा तुकडा घेऊन तीनने भाग न जाणारी तूट असलेले मासे निवडा, त्यांचा आपसात क्रॉस लावा. सहा-सात महिन्यांनी समयुग्मी, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेले, भ्रूण हातात येतील. एवढा वेळ जातो; प्रबंधाच्या वेळापत्रकात तो पहिल्याच दिवशी धरून ठेवा.

बघणं

या पायरीत घाई करू नका. बाकी सगळी तयारी हिच्यासाठीच आहे.

ट्रायकेनने भूल देऊन भ्रूण ३ टक्के मिथाइल सेल्युलोजमध्ये आडवा ठेवा, डोकं डावीकडे. पापणीच्या केसाने हळूहळू फिरवत दोन्ही डोळ्यांची भिंगं एकावर एक आणा. मग फोकस खाली-वर करून पहा: जवळच्या कानाची कड आणि पलीकडच्या कानाची अंधुक कड एकमेकांवर बसली पाहिजे. भ्रूण जरा जरी कलला असेल तर लंबगोल पिशवी गोल आणि आखूड दिसते. लहान कानाची कितीतरी चित्रं प्रत्यक्षात कललेल्या भ्रूणाची असतात. प्रत्येक भ्रूणाचा फोटो याच स्थितीत घ्या, आणि फोटो काढताना जनुकप्रकार माहीत नसू द्या. फोटोनंतर भ्रूण क्रमांक घातलेल्या खाचेत ठेवा, जनुकप्रकार शेवटी काढा.

आता काय दिसतं त्यावरून मागे चालत जायचं.

कान मुळीच नाही किंवा अगदी बारीक आहे: १० तासांच्या आसपासच्या पायरीत बिघाड शोधा. पॅक्स८ आणि पॅक्स२ए यांचं इन सिटू हायब्रिडायझेशन (जनुक कोणत्या पेशींत चालू आहे ते रंगवून दाखवणारी पद्धत) १० ते १२ तासांना करा. पॅक्स८ मुळातच नसेल तर संकेत पोचला नाही किंवा तो झेलायची तयारी नव्हती. पॅक्स८ येऊन नंतर मावळत असेल तर कान ठरला पण टिकला नाही. फॉक्सआय१च्या म्यूटंटमध्ये तर एकाच क्लचमध्ये (एका जोडीच्या एका वेळच्या अंड्यांत) कान नसलेली आणि छोटासा कान असलेली भ्रूणं शेजारी-शेजारी दिसतात, म्हणून सरासरीच्या आकड्यावर समाधान मानू नका, प्रत्येक कान स्वतंत्रपणे नोंदवा.

कान आधी बरा होता, नंतर लहान राहिला: पेशी मरतायत का पहा. ईवायए१ बिघडलेल्या माशात पुटिकेतल्या पेशी मोठ्या प्रमाणात मरतात. माणसात याच जनुकामुळे ब्रँकिओ-ओटो-रीनल सिंड्रोम होतो. अॅक्रिडिन ऑरेंजने मरणाऱ्या पेशी जिवंतपणीच दिसतात.

ओटोलिथ एकच आहे, जोडलेले आहेत किंवा नाहीतच: १८ ते २४ तासांकडे जा. पहिल्या केशपेशी आल्या होत्या का? त्यांचे कायनोसिलिया होते का? दोन्ही असून खडे नसतील तर बिघाड स्फटिक बनवण्यात आहे. ओटोपेट्रिन१ नसलेल्या माशांत असंच होतं. नुसता पुढचा खडा नसलेले म्यूटंटही आहेत, आणि त्यांनी एक मोलाची गोष्ट शिकवली: युट्रिकलचा खडा नसेल तर पिल्लू तोल सांभाळू शकत नाही आणि जगत नाही, सॅक्युलचा खडा जगण्यासाठी तितका गरजेचा नाही.

दोन्ही टोकं सारखी दिसतात: कानाची पुढची-मागची दिशा बिघडली आहे. हेजहॉग संकेत नसेल तर कानाचा मागचा भागही पुढच्यासारखा होतो, जणू आरशातली प्रतिमा. एफजीएफ संकेत नेमक्या वेळी अडवला तर उलट, पुढचा भाग मागच्यासारखा होतो.

केशपेशी फार जास्त आहेत: नॉच संकेताकडे पहा. नॉच संकेत न चालणाऱ्या माइंड बॉम्ब म्यूटंटमध्ये आधारपेशी व्हायला हव्या होत्या त्या पेशीही केशपेशी होतात आणि आधारपेशी उरतच नाहीत.

पुटिका छान, पण नलिका नाहीत: ४२ तासांनंतरची पायरी. उंचवटे वाढले की नाहीत, वाढून जुळले नाहीत की जुळून सुटले, हे तीन निरनिराळे बिघाड आहेत. इथे एक फोटो पुरत नाही. कमी तपमानाला वितळणाऱ्या १ टक्का अॅगारोजमध्ये भ्रूण बसवून ४२ ते ७२ तासांचं टाइम-लॅप्स घ्या.

पाचव्या दिवशी कान डोळ्यांना अगदी निर्दोष, पण पिल्लू गोल-गोल किंवा उलटं पोहतं: केशपेशीच्या आतला दोष. ट्यूबिंगन आणि बोस्टन इथल्या मोठ्या जनुकीय शोधमोहिमांचे निकाल १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. ट्यूबिंगनच्या मोहिमेत असे गोल फिरणारे म्यूटंट मिळाले आणि त्यांना मॅरिनर, स्पुटनिक, ऑर्बिटर, जेमिनी अशी नावं मिळाली. पुढे मॅरिनर म्हणजे मायोसिन ७ए, स्पुटनिक म्हणजे कॅड्हेरिन २३ असं निघालं. दोन्ही माणसाच्या अशर सिंड्रोमची जनुकं.

अशा पिल्लांना पार्श्वरेषेसाठी एफएम१-४३ हा रंग अर्धा-एक मिनिट द्या. तो उघड्या यांत्रिक वाहिन्यांतून आत शिरतो. केशपेशी रंगल्या नाहीत तर दोष धक्का ओळखण्यात आहे, रंगल्या तर त्यानंतरच्या पायरीत. अॅस्टेरॉइड म्यूटंटमध्ये पेशी नीट रंगतात, पण ग्लुटामेट भरणारा वाहक व्हीग्लुट३ नसल्याने चेतातंतूला संदेश पोचत नाही. एका मिनिटाच्या चाचणीत शोधाचं क्षेत्र निम्मं होतं.

रंगवण्याआधी तीन सावधगिरी

ओटोलिथचे फोटो जिवंत भ्रूणातच घ्या. फिक्सेटिव्ह जरा आम्ल झालं की खडे विरघळतात, आणि मग खडे नसलेले म्यूटंट मिळाल्याचा भास होतो.

स्टिरिओसिलियासाठी फॅलॉइडिन वापरणार असाल तर त्या भ्रूणांना मिथेनॉल दाखवू नका; ते नंतर नीट रंगत नाहीत. इन सिटूचे भ्रूण मात्र मिथेनॉलमध्येच उणे २० अंशांना ठेवतात. म्हणून फिक्सिंगच्या दिवशीच दोन नळ्या वेगळ्या करा.

प्रोटिनेज के ची वेळ भ्रूणाच्या वयाप्रमाणे ठरवा, आणि म्यूटंट व भावंडं एकाच नळीत ठेवा. वेगवेगळ्या नळ्यांतल्या रंगाच्या गडदपणाची तुलना करण्यात अर्थ नाही.

ऐकतो का, तोल आहे का

टिचकीला प्रतिसाद आला नाही म्हणजे पिल्लू बहिरं, असं नाही. आधी शेपटीला हलकेच स्पर्श करा. स्पर्शालाही हललं नाही तर दोष स्नायूत किंवा चेतासंस्थेत असू शकतो. स्पर्शाला वळलं आणि टिचकीला नाही, तर कानाकडे बोट दाखवता येतं. टिचक्या भराभर मारू नका. पिल्लू लवकर सरावतं आणि निरोगी असूनही प्रतिसाद थांबवतं. वाताशयही पहा. तोल नसलेलं पिल्लू पृष्ठभागापर्यंत जाऊन हवा गिळू शकत नाही, त्यामुळे न फुगलेला वाताशय ही कानाच्या बिघाडाची खूण असू शकते. मात्र एकंदरीत आजारी पिल्लाचाही वाताशय फुगत नाही.

आकडे

अप्रभावी (रिसेसिव्ह) उत्परिवर्तनात समयुग्मी भ्रूणांचं प्रमाण २५ टक्के हवं. एक तरी म्यूटंट मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी असेल तर ११ भ्रूण लागतात. दोन वेगळ्या गुणसूत्रांवरच्या जनुकांचा दुहेरी म्यूटंट १६ मध्ये एक, म्हणून तिथे ४७. हे नुसतं एक दिसण्यापुरतं; मोजमापासाठी याच्या कितीतरी पट हवेत, आणि किमान तीन वेगळ्या जोड्यांच्या क्लचमधून हवेत. बिघाड २५ टक्क्यांत दिसला तरी तेच भ्रूण समयुग्मी आहेत का, हे जनुकप्रकार काढून एकेक जुळवा. न जुळणारा प्रत्येक भ्रूण नोंदवा.

परिणाम दिसला नाही, किंवा जास्तच दिसला

मॉर्फोलिनोने (एमआरएनएला चिकटून जनुकाचं काम अडवणाऱ्या कृत्रिम रेणूने) कान लहान होतो आणि खऱ्या म्यूटंटमध्ये काहीच होत नाही, हा अनुभव अनेक प्रयोगशाळांना आला आहे. कधी मॉर्फोलिनो पी५३ जागवून विनाकारण पेशी मारतो. कधी उलट असतं: म्यूटंटमध्ये बिघडलेला एमआरएनए तुटू लागला की पेशी त्याच कुळातली जनुकं वाढवून नुकसान भरून काढते. हे ओळखायचं तर प्रमोटर धरून संपूर्ण जनुकच उडवणारा म्यूटंट करा. एमआरएनएच तयार होत नाही, त्यामुळे भरपाईही होत नाही. मॉर्फोलिनो वापरायचाच असेल तर त्याच जनुकाच्या म्यूटंटमध्ये टोचून पहा. तिथेही जादा परिणाम दिसला तर तो लक्ष्याबाहेरचा आहे.

आईने अंड्यात साठवलेला एमआरएनए आणि प्रथिन सुरुवातीचा परिणाम झाकू शकतात. समयुग्मी मादी जगत असेल तर तिची अंडी तपासा.

निरोगी एमआरएनए टोचून बिघाड भरून निघतो का हे पाहणं सुरुवातीच्या पायऱ्यांसाठी उत्तम. पाचव्या दिवसाच्या केशपेशीसाठी ते चालत नाही, एमआरएनए तोवर संपलेला असतो. तिथे मायो६बी प्रमोटरने फक्त केशपेशीत निरोगी जनुक चालवणारा ट्रान्सजेनिक मासा करा. माणसात सापडलेला संशयास्पद बदलही याच मार्गाने तपासता येतो: त्याच जागी एकदा निरोगी मानवी जनुक, एकदा बदललेलं.

एकाच जनुकाचं लवकरचं आणि उशिराचं काम वेगळं करायचं असेल तर रसायनांचा आधार घ्या. एफजीएफसाठी एसयू५४०२, हेजहॉगसाठी सायक्लोपामिन. वेगवेगळ्या तासांना सुरू करून धुऊन टाका, आणि दर गटासोबत तेवढ्याच डीएमएसओचा गट ठेवा.

बिघाड कानाचा की शेजाऱ्याचा

व्हॅलेंटिनो म्यूटंटमध्ये कान लहान होतो आणि काही केशपेशी भलत्याच जागी येतात. जनुकाचं काम मात्र पश्चमस्तिष्काच्या पाचव्या-सहाव्या खंडात आहे; तिथली ओळख बिघडल्याने एफजीएफ३ चा पट्टा पसरतो आणि शेजारचा कान भरकटतो. तुमचं जनुक कानात आणि पश्चमस्तिष्कात दोन्हीकडे चालू असेल तर पेशींचं प्रत्यारोपण करावं लागेल. चार तासांच्या आसपास निरोगी, रंगीत खूण घातलेल्या भ्रूणातून पेशी उचलून म्यूटंटमध्ये सोडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी त्या कुठे गेल्या ते पाहायचं. डाव्या-उजव्या बाजूंना त्या सारख्या जात नाहीत. त्यामुळे एकाच भ्रूणात एक कान तुलनेसाठी आपोआप मिळतो.

निरोगी पेशी फक्त पश्चमस्तिष्कात गेलेले, फक्त कानात गेलेले आणि दोन्हीकडे गेलेले भ्रूण वेगळे करा, मग प्रत्येक कान जनुकप्रकार न बघता मोजा. फक्त पश्चमस्तिष्कात निरोगी पेशी असूनही त्या बाजूचा कान सुधारला, तर जनुकाचं काम कानाबाहेर आहे. कानातल्याच पेशींनी सुधारला, आणि सुधारलेल्या भागात निरोगी पेशीच सापडल्या, तर ते कानाच्या आत काम करतं असं लिहायला हरकत नाही.